गच्चीवरच्या बागेसाठी लाल माती, कोकोपीट की पीट मॉस? पर्यावरणाच्या दृष्टीने काय बरं?

"लाल माती नैसर्गिक, म्हणजे तीच सगळ्यात पर्यावरणपूरक असणार ना?" असं तुम्ही विचारलंय. नैसर्गिक आहे हो. डोंगरही नैसर्गिकच असतो.

2006 साली मी मावळात दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस, म्हणजे प्लॅस्टिकच्या छपराखालची शेती, टाकलं. जरबेरा फुलांचं. आमचं खाचर भाताचं, काळं, चिकट, पाणी धरून बसणारं. जरबेऱ्याच्या मुळांना ते चालत नाही. सल्लागाराने कागदावर लिहून दिलं: लाल माती, शेणखत, भाताचं तूस, दीड फुटाचे बेड. हिशोब केला तर माती निघाली 110 ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). एवढी आणायची कुठून? तर मामाच्या वरकसातून. डोंगरउताराची जमीन, एखाद्या वर्षी नाचणी, एखाद्या वर्षी वरई. मामेभाऊ म्हणाला, ने की, पडीकच असते. ट्रकमागे पैसे ठरले, जेसीबी लागला, आठवड्यात चाळीसेक खेपा झाल्या. मामा तेव्हा होते. बांधावर बसून बघायचे आणि ट्रक गेला की एक खडा बाजूला टाकायचे. मला वाटलं, पैशांचा हिशोब ठेवतायत. पैसे तर मामेभाऊच घेत होता.

माती आली. ती फॉर्मेलिनने निर्जंतुक केली, म्हणजे तिच्यात जे काही जिवंत होतं तेही मारलं. तीन वर्षं फुलं दादरला गेली. मग मर रोग लागला, झाडं सुकायला लागली, भाव पडला, आणि सल्लागार म्हणाला, आता माती बदला. परत 110 ब्रास! तिथं मी थांबलो. पर्यावरणाचा पुळका आला म्हणून नाही, खिशात पैसे नव्हते म्हणून.

त्या वरकसावर आज मुरूम उघडा पडलाय. वरचा दीड हात थर मी नेला, उरलासुरला पावसाने नेला. नाचणी सोडा, कुसळी गवतसुद्धा धड येत नाही, आणि दर पावसाळ्यात मुरूम वाहून खालच्या खाचरात येतो. इंचभर माती व्हायला शतकं लागतात, आम्ही आठवड्यात उचलली. मामेभाऊ अजून लग्नकार्यात भेटला की चारचौघांत म्हणतो, "आमचा डोंगर ह्यानं नेला." अरे बाबा, नेला मी, विकला कोणी? नर्सरीतली तुमची ती लाल मातीची गोणीही कोणीतरी विकलेल्या कुठल्यातरी उतारावरूनच आलेली असते. कधी विचारून बघा, माती कुठली म्हणून. "कोकणातली," एवढंच सांगतील.

पीट मॉस तर घेऊच नका. थंड देशांतल्या दलदली खणून काढतात ते. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साठतं, म्हणजे फूटभर थराला तीनशे वर्षं. जगातल्या सगळ्या जंगलांच्या लाकूडपाल्यात नसेल एवढा कार्बन त्या दलदलींत दडलाय, खणल्या की तो मोकळा होतो. आणि हे सगळं कशासाठी, तर पिंपरीतल्या गच्चीवर पुदिना लावायला?

कोकोपीट बरं, पण सोवळं नाही. नारळाच्या सोडणातून काथ्या काढून उरलेला भुसा, म्हणजे मुळात टाकाऊच. मात्र त्यात मीठ असतं. ते धुवायला पाणी भरपूर लागतं आणि ते खारट पाणी कुठंतरी जिरतं. आपल्याकडे मिळणारा बराच माल तमिळनाडू-केरळातून ट्रकने येतो. पाच किलोची वीट भिजून साठ-सत्तर लिटर होते, एवढा एक फायदा: कोरडी, दाबलेली येते, वाहतूक स्वस्त पडते. पण त्यात अन्न जवळजवळ नसतं, वरून खत घालत बसावं लागतं. परलाईटबद्दल (मिश्रण हलकं करायला घालतात ते पांढरे दाणे) एवढंच की तो ज्वालामुखीचा खडक नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमानाला भट्टीत फुलवलेला असतो.

मी स्वतः काय करतो? पिंपात भरतो कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याचा उसाचा चोथा, सोसायटीचा पालापाचोळा, घरचा ओला कचरा आणि शेणखत. तळाला शहाळेवाल्याकडच्या फोडलेल्या सालांचे तुकडे. माती फक्त दोन-चार ओंजळी, विरजणापुरती. चोथा आधी आंबतो, आठवडाभर दारूच्या गुत्त्यासारखा वास येतो, शेजारीण बोलते. मग निवळतो. तीन-चार महिन्यांनी पिंप निम्मं खाली बसतं, परत भरायचं. वांगी, मिरची, दोडका, सगळं येतं.

आता थोडं माझ्याच विरोधात. रोपांच्या ट्रेसाठी कोकोपीटला तोड नाही, तिथं माझा चोथा चालत नाही, रोपं पिवळी पडतात. मुंग्या आणि झुरळं होतात, घरच्यांची तयारी हवी. आणि ज्यांच्या घरचं काम चालू आहे, पायाची माती निघतेय, त्यांनी ती खुशाल वापरावी, ती तशीही भरावातच जायची. फक्त गच्चीवर वजन बघा: फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास, आणि साध्या गच्च्या त्याच्या निम्म्यालाही बांधलेल्या नसतात. हे खरं तर मी पहिल्यांदा सांगायला हवं होतं.

आणि माझ्या मामेभावाला हे उत्तर कोणी पाठवलंच, तर त्याला सांगा, पॉलीहाऊसचा सांगाडा भंगारात गेला, पण माती अजून तिथंच पडून आहे. ट्रकभाडं निम्मं मी देतो. ये आणि घेऊन जा.