पिशवी, सूप आणि लग्नाचं आमंत्रण

प्रश्न : मी विड्या वळते. आतड्याच्या ऑपरेशननंतर ७ महिने झाले, पोटावर डाव्या बाजूला पिशवी आहे. मांडीवर सूप घेतलं की ती दाबते. उन्हाळा लागल्यापासून दर दुसऱ्या दिवशी सुटते, कडेची कातडी चुरचुरते. मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. वास येईल म्हणून जायला नको वाटतं.
– एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, मीही सोलापूरचीच, निवृत्त शिक्षिका. माझ्या पिशवीला ११ वर्षं झाली. आपल्याकडे ४२ अंशांत घामानं पिशवीची कातडीला चिकटणारी चकती सैल होते, खरंय. पण मला संशय चकतीच्या भोकाचा आहे. दवाखान्यात दिलेल्या मापानंच अजून कापताय ना? ऑपरेशननंतरच्या ६-८ आठवड्यांत स्टोमाची, म्हणजे पोटावर बाहेर काढलेल्या आतड्याच्या टोकाची, सूज उतरते, तो लहान होतो. जुन्या मापाचं भोक मग मोठं पडतं, मळ कातडीवर येतो आणि ओल्या कातडीवर चकती धरत नाही. मी वर्षभर हीच चूक केली आणि दोष घामाला दिला. नवं माप घ्या, भोक २-३ मिलिमीटरच मोठं ठेवा. कोमट पाण्यानं धुवा, तेल-पावडर नको, टिपून कोरडं करा, चकती तळहातानं मिनिटभर दाबून धरा. सकाळी चहाच्या आधी बदला, तेव्हा पोट शांत असतं. नव्या पिशव्या पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका, उष्णतेनं चिकटपणा जातो. तरीही कातडी सोलवटली तर डॉक्टरांना दाखवा. स्टोमा काळपट पडला तर त्याच दिवशी.

सूप समोर पाटावर ठेवून बघा. हात मंदावेल, हजार विड्या भरायला उशीर होईल. माझी आई विड्याच वळायची, मला कळतं ते. परकराची नाडी स्टोमावरून जाऊ देऊ नका, मी रुंद इलॅस्टिक शिवून घेतलंय.

वास बंद पिशवीतून येत नाही, तोंडाशी राहिलेल्या मळाचा येतो. रिकामी केल्यावर तोंड आतून पुसा, मगच क्लिप लावा. पिशवी निम्मी भरायच्या आतच रिकामी करा. लग्नाच्या आदल्या दिवशी कोबी, मटकी, कच्चा कांदा टाळा. शेंगाचटणी खा, पण बारीक चावून.

पर्समध्ये मापानं कापलेली चकती, पिशवी आणि जुन्या सुती साडीचा तुकडा ठेवा. माझ्याकडे कायम असतो. आजवर दोनदाच लागला, दोन्ही वेळा एसटीत.