चूल पेटल्यावर जा

प्रिय पोरी,

द्राक्षवेलींची ऑक्टोबर छाटणी लागली की नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडची मजूर कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर उतरतात. बाळं तपासायला त्यांच्या झोपड्यांवर सकाळी दहाला जाऊ नकोस, तेव्हा बाळाजवळ फार तर सात-आठ वर्षांची बहीण सापडेल. संध्याकाळी चूल पेटल्यावर जा.

आधी दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर मोज. डावा हात कोपरात वाकवून खांद्याचं टोक ते कोपर यांचा मध्य काढ, खूण कर, मग हात सैल सोडून तिथेच टेप लाव. टेप आवळली की धडधाकट पोरही टेपच्या लाल, म्हणजे धोक्याच्या पट्ट्यात येतं. सैल राहिली की आजारी पोर सुटतं, आणि ते जास्त वाईट. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, तिथून १२.५ च्या आत मध्यम. दोन्ही पावलं अंगठ्याने तीन सेकंद दाबून बघ. खळगे राहिले तर टेप काहीही म्हणो, त्याच दिवशी दवाखाना. सुजेने वजनही भरल्यासारखं दिसतं.

खाण्यात घोटाळा होतो तो पातळपणाचा. पाण्यासारख्या नागलीच्या (नाचणीच्या) पेजेने पोट भरतं, अंगी काही लागत नाही. चमचा तिरका केला तरी भसकन ओघळू नये इतकी दाट हवी, वर थोडं तेल. सहा महिने झाले की दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. अंगावरचं दूध चालूच.

बाळाला बोलतं करायला खेळणी नेऊ नकोस. "बाळाशी बोलत जा" म्हटलं की आई नुसती हसते, आणि तिचं बरोबरच आहे; दिवसभर वाकून आलेली बाई आणखी काय बोलणार? भाकरीच्या पिठाची गोळी चुलीपासून लांब बसलेल्या बाळाच्या हातात द्यायला लाव. आई म्हणेल "थाप", बाळ थापेल, आई पुन्हा म्हणेल, मग गप्प राहील. हे गप्प राहणंच जमत नाही. बाळाला आवाज काढायला पाच-सहा सेकंद लागतात. आईला तिच्या बोलीतच बोलू दे.

छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) फुटायला काड्यांना हायड्रोजन सायनामाइड या विषारी रसायनाची पेस्ट लावतात. आईने हात साबणाने धुऊन, लुगडं बदलूनच बाळाला घ्यायचं. औषधाचा रिकामा डबा पाण्याला वापरलेला दिसला तर तिथल्या तिथे मालकाशी बोल.

बाळाचं नाव गावच्या अंगणवाडीत असतं, इथे नसतं. आईचा आधार नंबर घेऊन जवळच्या अंगणवाडी ताईंकडे स्थलांतरित म्हणून नोंद करून घे. कुटुंब परत निघण्याआधी वजन, दंडघेर, तारीख कागदावर लिहून आईच्या हाती दे. गावच्या ताईंना तोच कागद लागेल.