वाचकांचे प्रश्न : खिडकीवर वाऱ्याचा दाब किती धरायचा?

प्रश्न : मुंबईच्या उपनगरात आमची 50 मीटर उंच, 28 × 20 मीटरची इमारत आहे. चौदाव्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीला 1.8 मीटर रुंद, 1.5 मीटर उंच अशी दोन शटरची सरकती ॲल्युमिनियम खिडकी बसवायची आहे. ठेकेदार म्हणतो, चौरस मीटरला शंभर किलो धरा, सगळीकडे तेच धरतात. हे पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. तुमच्या खिडकीला जवळपास दुप्पट धरावं लागेल. हिशेब आयएस 875 (भाग 3) : 2015, म्हणजे इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, याप्रमाणे करून दाखवतो.

मुंबईचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. हा तीन सेकंदांच्या झोताचा, मोकळ्या जागी 10 मीटर उंचीवरचा वेग आहे. हवामान खात्याच्या बातमीत येणारा सलग वाऱ्याचा वेग वेगळा, त्याची याच्याशी तुलना करू नका. या वेगाला चार गुणक लागतात. आयुर्मानाचा के-1 नेहमीच्या निवासी इमारतीला 1.0. जमिनीच्या चढउताराचा के-3 सपाट जागेला 1.0. चक्रीवादळाचा के-4 मानकात पूर्व किनारा आणि गुजरात किनाऱ्यासाठीच आहे, म्हणून इथे 1.0. उरला उंची आणि परिसराचा के-2. दाट वस्तीच्या तिसऱ्या प्रवर्गात 50 मीटरला तो 1.12. खिडकी थोडी खाली असली तरी ओढीचा विचार करताना इमारतीच्या माथ्याची उंची घेणं सुरक्षित.

वेग = 44 × 1.12 = 49.28 मी./से.
दाब = 0.6 × 49.28² = 1457 न्यूटन प्रति चौ.मी.
दिशेचा गुणक 0.9. क्षेत्रफळाचा गुणक 1.0, कारण खिडकी 10 चौ.मी.पेक्षा लहान. अनेक पृष्ठभागांवरच्या दाबांच्या संयोगाचा 1.0. म्हणून 1457 × 0.9 = 1311.

बहुतेक जण इथेच थांबतात. पण हा आकडा अजून खिडकीवरचा दाब नाही, त्याला भिंतीच्या जागेप्रमाणे गुणांक लावायचे असतात (अधिक म्हणजे आत ढकलणारा दाब, उणे म्हणजे बाहेरची ओढ). तुमची इमारत रुंदीच्या अडीच पट उंच आणि लांबी रुंदीच्या 1.4 पट, म्हणून वाऱ्याकडच्या भिंतीवर +0.8, बाजूच्या भिंतींवर −0.8, आणि कोपऱ्यालगतच्या पट्ट्यात −1.2. हा पट्टा इमारतीच्या रुंदीच्या पाव, म्हणजे 5 मीटर. तुमची खोली नेमकी त्यात येते. कोपऱ्यावर वारा भिंतीपासून सुटतो आणि काच बाहेर ओढतो. घरातला दाबही त्यात मिळवायचा, भेगा-फटी भिंतीच्या क्षेत्रफळाच्या 5 टक्क्यांच्या आत असतील तर ±0.2. एकूण ओढ 1.4 × 1311 = 1836 न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला 187 किलो. अख्ख्या खिडकीवर अर्धा टन! दुसरी खिडकी उघडी राहिली किंवा फुटली आणि उघडी जागा 5 ते 20 टक्क्यांत गेली, तर आतला गुणांक 0.5 होतो आणि हीच ओढ 2229 वर जाते.

तोच फ्लॅट वरळीत थेट समुद्रासमोर असता तर पहिल्या प्रवर्गाचा के-2 1.20 लागून 1836 चे 2108 झाले असते. पुण्यात, 39 च्या वेगाने, 1442.

आता काचेइतकंच महत्त्वाचं इंटरलॉक, म्हणजे मधोमध दोन शटर एकमेकांत अडकतात ती उभी पट्टी. तिच्या वाट्याला 0.9 मीटर रुंदीचा भार, मीटरला सुमारे 1650 न्यूटन. वाक उंचीच्या 1/175, म्हणजे 8.6 मि.मी.च्या आत ठेवायचा तर भार समान धरून सुमारे 18 सें.मी.⁴ जडत्व-आघूर्ण (पट्टीचा आकार वाकण्याला किती विरोध करतो त्याचं माप) लागतं. हलक्या सेक्शनमध्ये (ॲल्युमिनियमच्या तयार पट्टीत) ते मिळत नाही. आत स्टीलची पट्टी घालावी लागते किंवा जड सेक्शन घ्यावा लागतो. तीच रुंदी ठेवून उंची 2.1 मीटर केली तर गरज घनाच्या प्रमाणात वाढून जवळपास 50 वर जाते. बाल्कनीचे सरकते दरवाजे वादळात लटलट हलतात ते यामुळेच. ठेकेदाराकडून सेक्शनचं कॅटलॉग मागून हा आकडा स्वतः बघा.

चौकटीचे स्क्रू भिंतीच्या प्लास्टरमध्ये नव्हे, काँक्रीट किंवा विटेत जायला हवेत. कोपऱ्यापासून 150–200 मि.मी.वर पहिला, पुढे 600 मि.मी.च्या आत. सिलिकॉन पाणी अडवतं, अर्धा टन ओढ पेलत नाही.

प्रश्न : दाबाचा हिशेब बरोबर आहे, तरी पावसात ट्रॅकमधून पाणी आत येतं. का?

उत्तर : पाणी शिरायला एवढा दाब लागतच नाही. 1 मि.मी. पाण्याचा स्तंभ म्हणजे सुमारे 10 न्यूटन प्रति चौ.मी. ट्रॅकची आतली कड 25 मि.मी. उंच असेल, तर 245 न्यूटनला पाणी कड ओलांडून घरात येतं. कड जितकी उंच घ्याल तितका फायदा. त्याआधी पाणी बाहेर जायची भोकं सिमेंटने बुजली नाहीत ना, तेवढं पाहा; बहुतेक तक्रारी तिथेच सुटतात.

प्रश्न : रायगडच्या किनाऱ्यावर बंगला बांधतोय. के-4 नाही, मग नेहमीचाच हिशेब?

उत्तर : मानकानुसार होय. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं हे लक्षात घेता, माझ्या मते दिशेचा गुणक 0.9 ऐवजी 1.0 धरा. दाब 11 टक्के वाढतो, खर्चात फारसा फरक पडत नाही. बंगला डोंगराच्या कडेवर असेल आणि उतार 3 अंशांपेक्षा जास्त असेल, तर के-3 मात्र काढावाच लागेल, तो 1.36 पर्यंत जातो आणि दाबात त्याचा वर्ग होतो.