गप्पी: लेबिस्टिस की पोसिलिया?

जुन्या पुस्तकात गप्पी या टाकीत पाळायच्या छोट्या माशाचं नाव लेबिस्टिस रेटिक्युलेटस आणि नव्या यादीत पोसिलिया रेटिक्युलाटा, मग चूक कुणाची, असं तुम्ही विचारलंय. चूक कुणाचीच नाही. मासा तोच, त्याची भावकी कोण, याबद्दलचं मत बदलत गेलं.

१८५९ साली प्राणिशास्त्रज्ञ पीटर्स यांनी व्हेनेझुएलातल्या काराकासच्या नमुन्यांवरून त्याला पोसिलिया या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) घातलं. १८६१ मध्ये दे फिलिपी यांनी बार्बाडोसच्या याच माशांसाठी लेबिस्टिस ही नवी प्रजाती काढली. १८६६ मध्ये त्रिनिदादहून गप्पी नावाच्या गृहस्थांनी पाठवलेले मासे पाहून गुंथर यांनी जिरार्डिनस गप्पी असं तिसरं बारसं केलं. ते शास्त्रीय नाव बाद झालं, बोलण्यात मात्र तेच राहिलं. पुढे १९६३ मध्ये रोझेन आणि बेली यांनी लेबिस्टिस आणि मॉली या दुसऱ्या पाळीव माशाची मॉलिएनेसिया दोन्ही पोसिलियात विलीन केल्या. म्हणून आज गप्पी आणि मॉली एकाच प्रजातीत.

गप्पी-मॉलींचं हे कूळ, म्हणजे पोसिलिइडी, खरं समजून घ्यायचं असेल तर नराचा गुदपक्ष बघा, म्हणजे पोटाखाली शेपटीच्या अलीकडे असतो तो पर. लहानपणी नर-मादी दोघांचाही पंख्यासारखाच असतो. मग नराच्या पराची तिसरी, चौथी आणि पाचवी काडी जाड होऊन लांबत जाते आणि पंख्याची बारीक दांडी होते. हेच गोनोपोडियम. मादीजवळ जाताना नर ती दांडी झटकन पुढे वळवतो. काचेपाशी शांत बसलात तर स्पष्ट दिसतं. तिच्या टोकाला सूक्ष्म आकडे आणि काटे असतात. ते सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत, पण या कुळाची वर्गवारी मुख्यतः त्यांच्यावरच उभी राहिली. मला यातलं सगळ्यात सुंदर तेच वाटतं.

‘पिल्लं घालतात ते पोसिलिइडी’ ही व्याख्या मात्र पुरत नाही. याच कुळातल्या टोमिउरस माशाच्या नराला गोनोपोडियम असतं, तरी मादी फलित अंडी घालते. उलट, आफ्रिकेतल्या लॅम्पआय माशांना ही दांडीच नसते. तरीही १९८१ मध्ये पॅरेंटी यांनी सांगाड्याच्या आधारे त्यांना याच कुळात आणलं. डीएनए अभ्यासानंतर आता बरेच जण त्यांना प्रोकॅटोपोडिडी या वेगळ्या कुळात ठेवतात.

टाकीवर चिठ्ठी लावताना पोसिलिया रेटिक्युलाटा लिहा. एंडलर, म्हणजे २००५ मध्ये नाव मिळालेला गप्पीचा जवळचा भाऊबंद पोसिलिया विंगेई, पाळत असाल तर त्याची टाकी वेगळीच ठेवा. गप्पीशी त्याचा सहज संकर होतो, आणि ती पिल्लंही पुढे वीण घालतात.