मोदकपात्रातले बन का बसतात?

प्रश्न : मावशी, नमस्कार. संक्रांतीच्या सुट्टीत मुलांसाठी सारण भरलेले वाफेचे बन केले. तीन वाट्या मैद्यात यीस्ट आणि चिमूटभर खायचा सोडा घातला, मळून दोन तास झाकून ठेवलं. मग कोबी-गाजराचं सारण भरून लगेच मोदकपात्रात ठेवले, मोठ्या आचेवर वीस मिनिटं. झाकण काढलं तेव्हा छान फुगले होते, पण डोळ्यांदेखत बसले. वर सुरकुत्या आणि पिवळे ठिपके, खाली चिकट लगदा. भाचा म्हणतो, पुणे उंचावर आहे म्हणून. खरं का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : उंचीचा दोष नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. दार्जिलिंगजवळचं कालिम्पाँग याच्या दुपटीहून उंच, आणि तिथे हेच बन थाइपो म्हणून घरोघरी खातात. मला ते शिकवले तिथल्याच एका मुलीने. नवी पेठेत आमच्या वरच्या खोलीत ती शिकायला राहिली होती. मी भरलेले गोळे पात्रात ठेवायला निघाले, तर तिने एक उचलून तळहातावर तोलला आणि परत ठेवला. म्हणाली, ‘काकू, अजून जड आहे.’ अर्ध्या तासाने तोच गोळा हातात दिला. तेवढाच गोळा, पण कापसासारखा हलका लागला.

तुमची चूक नेमकी इथे झाली. मोदक वळला की पात्रात जातो, कारण उकड आधीच शिजलेली असते. बनचं पीठ जिवंत असतं. भरताना, चुण्या घालताना त्यातली हवा निघून जाते आणि पीठ ताणलेलं राहतं. तसंच वाफेवर ठेवलं, की ते झटक्यात फुगतं आणि गार वारा लागला की आक्रसतं. म्हणून वळून झाल्यावर दुसरी विश्रांती हवीच. किती वेळ, ते घड्याळाला विचारू नका. एप्रिलमध्ये माझ्याकडे वीस मिनिटं पुरतात, जानेवारीतल्या सकाळी तासाच्या वर जातो. बोटाने हलकं दाबा: खळगा सावकाश भरून आला की ठेवा. तसाच राहिला तर वेळ उलटून गेली. असे बन हमखास बसतात.

पिवळे ठिपके सोड्याचे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तसंच सोड्याचा न विरघळलेला कण जिथे राहतो तिथे मैद्यातला रंग पिवळा पडतो. चांगलं यीस्ट असताना सोडा घालूच नका. कोमट साखरपाण्यात दहा मिनिटांत फेस आला नाही, तर ते यीस्ट टाकून द्या.

सुरकुत्यांना झाकणावरून पडणारं पाणीही कारण असतं. चीनमध्ये हे बन, म्हणजे बाओझी, बांबूच्या टोपल्यांत वाफवतात. बांबू वाफ शोषतो, आपलं पितळी किंवा स्टीलचं झाकण ती थेंब करून खाली सोडतं. झाकणाला जुना सुती पंचा घट्ट बांधा, टोकं वर घ्या, म्हणजे ती आचेवर येणार नाहीत. बनखाली केळीच्या पानाचे तेल लावलेले तुकडे ठेवा. पाणी जाळीला लागता कामा नये.

माझं माप : मैदा ३०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम, साखर २० ग्रॅम, तेल एक मोठा चमचा, चिमूट मीठ, पाणी १६० मिली. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट वाटेल, वाटू दे. दहा-बारा मिनिटं मळा, पीठ गुळगुळीत झालं पाहिजे. दहा गोळे होतात. पारी कडेला पातळ, मध्ये जाड लाटा. मध्यम आचेवर बारा मिनिटं वाफवा, गॅस बंद करा, पाच मिनिटं झाकणाला हात लावू नका. मग झाकण बोटभर तिरकं करा. एवढा धीर तेवढा धरा हो, सगळी मेहनत त्यावर आहे.

कोबीला मीठ लावून पंधरा मिनिटांनी पिळून घ्या, नाहीतर लगदा ठरलेला. सारण पूर्ण गार हवं. संक्रांतीच्या दिवसांत मंडईत मटार भरपूर असतो. करंजीला करतो तसं मटाराचं सारण, आलं-मिरची-खोबरं घालून, यात फार सुंदर लागतं. मुलांना तेच द्या.

प्रश्न : मैद्याऐवजी कणीक चालेल का? – एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : निम्मी चालेल. दोन चमचे पाणी जास्त लागेल. कोंड्यामुळे बन कमी फुगतात, पण चव खमंग येते. पूर्ण कणकेचे मी दोनदा केले, दोन्ही वेळा दडस झाले, म्हणून सुचवत नाही.