उन्हाळ्याची मजुरी आणि दहावीचे वर्ष

सोलापूर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नववीची परीक्षा संपताच अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गणवेशाच्या कारखान्यात धागे कापण्याचे, घडी घालण्याचे आणि पॅकिंगचे काम मिळते आहे, ते घ्यावे का, असे तू विचारले आहेस. माझे मत आधीच सांगते. सुट्टीत ते काम अवश्य कर, पण शाळा उघडण्यापूर्वी सोड, आणि सोडण्याची तारीख कामावर जाण्याआधीच मालकाला व घरच्यांना सांगून ठेव.

विद्यार्थ्याने मजुरीला हातच लावू नये, असे मला वाटत नाही. विड्या वळणाऱ्या आईच्या शेजारी बसून अभ्यास केलेल्या मुलीला कष्टांचे मोल वेगळे शिकवण्याची गरज नाही. तरीही परक्या माणसाच्या हाताखाली काम केल्याने जे कळते, ते घरात कळत नाही. माल कोणत्या कारणाने परत येतो, दिवसाची मजुरी कशी ठरते, आपल्या हिशेबात आणि मालकाच्या हिशेबात फरक पडला तर तो न घाबरता कसा दाखवायचा, हे पंधराव्या वर्षी शिकलेले पुढे फार उपयोगी पडते. शिवाय गणवेशाच्या धंद्याची घाई शाळा उघडण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत असते, म्हणजे नेमकी तुझ्या सुट्टीत.

माझी खरी काळजी जूनची आहे. हात बसलेली मुलगी मालकाला सोडवत नाही, आणि तोवर घरातही बरेच बदललेले असते. पहिल्या पगाराचे कौतुक होते, दुसऱ्यातून किराण्याची उधारी फिटते, आणि तिसरा हाती येण्यापूर्वीच भिशी किंवा घराचा हप्ता त्याच्यावर बेतलेला असतो. मग काम सोडते म्हणणे म्हणजे आईवर नवा बोजा टाकणे, असे मनाला वाटू लागते, आणि तुझ्यासारखी समजूतदार मुलगीच तिथे सर्वांत आधी अडकते. शाळा सोडायची, असे अशा घरात सहसा कोणी ठरवत नाही. आधी सोमवार बुडतो, मग घटक चाचणी बुडते, आणि शेवटी हजेरी भरत नाही म्हणून पुढे १७ नंबरचा फॉर्म भरू, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसू, असे कोणीतरी सुचवते. तो मार्ग ज्यांना दुसरा उरला नाही त्यांच्यासाठी आहे; तुझ्यापुढे नियमित शाळा आहे. म्हणून या दोन महिन्यांचा पैसा घरखर्चात धरूच नये, हे आईशी आधी बोलून घे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मालकाकडून उचल घेऊ नकोस आणि तुझ्या नावावर कोणाला घेऊ देऊ नकोस, कारण उचल फिटेपर्यंत काम सोडण्याची तारीख तुझ्या हातात राहत नाही.

कायदाही तुला माहीत असायला हवा. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत करणे, यांसारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, स्फोटके व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत काम देता येत नाही. इतर ठिकाणीही विश्रांती धरून दिवसाला सहा तासांपेक्षा अधिक काम नाही, सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती, आठवड्याची सुट्टी, जादा काम अजिबात नाही, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत तर कामच नाही. हे तास शाळेच्या दिवसाशी ताडून पाहा. अकरा ते पाच शाळा करून कुंभारीच्या वसाहतीत परतणाऱ्या मुलीजवळ कायद्याने कामाला उरतो तो वेळ जेमतेम सकाळचा, आणि दहावीच्या वर्षात तो अभ्यासाचा आहे. ‘शाळा सुटल्यावर रात्री दहापर्यंत ये’ असे कोणी म्हणाले, तर तो तुझी अडचण समजून घेत नसून नियम मोडतो आहे, हे ओळख.

कमवा आणि शिका ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हटले. पण तिथे श्रम शिक्षणासाठी होते, आणि कामाची वेळ शिक्षणाला धरून ठरत असे. कारखान्यात ती मालाच्या मागणीवर ठरते. लक्ष्मी-विष्णू मिलसारख्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा ज्यांच्या हाती एकाच खात्याचे काम होते आणि शाळेचा दाखला नव्हता, अशा कामगारांचे हाल या शहराने पाहिले आहेत. तुला शिवणकामच आवडले, तर दहावीनंतर आयटीआयला जाता येईल आणि पुढे शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतनही मिळेल. त्यासाठी दहावीचे वर्ष हातचे जाऊ देऊ नकोस.

पगार तुझ्याच नावाच्या बचत खात्यात ठेव. दहा वर्षांवरील मुलांना बँका स्वतः चालवायचे खाते देतात. त्यातून पुढच्या वर्षीची पुस्तके आणि अकरावीचा किंवा आयटीआयचा प्रवेश निघाला, तर मला आनंद होईल. उरले तर आईला दे, पण तिने मागण्यापूर्वी, भेट म्हणून.

होकार देण्याआधी आईला बरोबर घेऊन कारखाना पाहून ये. वयाचा दाखला मागतात का, नाव रजिस्टरला लावतात का, मजुरी किती आणि कोणत्या दिवशी देतात, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, घरी परतायला बस किती वाजता आहे, हे सर्व विचार. दाखला मागितला नाही तर तिथे जाऊ नकोस. बाकीची उत्तरे मला लिहून कळव. मी ती वाचून दोन दिवसांत उत्तर देईन, तोवर मालकाला शब्द देऊ नकोस.

तुझी,
बाई