जमेची बाजू

थेरप्यूटिक रिक्रिएशन म्हणजे खेळ, संगीत, चित्रकला, बागकाम अशा गोष्टींच्या आधाराने माणसाला पुन्हा उभं करणं. त्यात सुरुवातीलाच, समोरच्याला काय जमत नाही एवढंच न पाहता काय जमतं आणि त्याच्यापाशी काय आहे, हेही पाहतात. या ‘स्ट्रेंग्थ्स-बेस्ड क्लायंट असेसमेंट’ला ‘ग्राहकाचे सामर्थ्याधारित मूल्यमापन’ म्हटलेलं चालेल का, असं एका अनुवादकाने विचारलं आहे. अर्थ कसाबसा पोहोचेल, पण तिन्ही शब्द थोडेथोडे घसरतात.

‘ग्राहक’ दुकानात, ‘अशील’ वकिलाकडे. समाजकार्यात रुळलेला ‘सेवार्थी’ इथे बरा. यावर जास्त घुटमळायला नको.

खरी अडचण ‘मूल्यमापना’ची. या क्षेत्रातलं काम चार टप्प्यांत चालतं: असेसमेंट, आखणी, अंमलबजावणी आणि शेवटी इव्हॅल्युएशन. पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याला आपण सर्रास एकच शब्द वापरतो, मग अहवाल वाचणाऱ्याला हे सुरुवातीचं की नंतरचं, तेच कळत नाही. ‘मूल्यमापन’ शेवटासाठी राखून ठेवावं. तिथे खरंच काय साधलं ते मोजायचं असतं. सुरुवातीला ‘आढावा’ म्हणावं. गंमत म्हणजे ‘असेस’चं लॅटिन मूळ ‘शेजारी बसणे’ असं आहे. अर्थात तो शेजारी बसणारा न्यायाधीशाचा मदतनीस असे, आणि पुढे हा शब्द करआकारणीला चिकटला, तेव्हा फार हळवं व्हायचं कारण नाही. तरी सेवार्थीच्या शेजारी बसून, त्याच्यासोबत घ्यायचा तो आढावा, हे इथे बसतं. ‘पारख’ मला आवडतो, पण पारखणारा एक आणि पारखला जाणारा दुसरा, हे अंतर त्यात राहतंच.

आता ‘स्ट्रेंग्थ्स’. ‘गुण’, ‘सामर्थ्य’, ‘बलस्थान’ हे सगळे माणसाच्या आतले. हा दृष्टिकोन १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात, समाजकार्यात आकाराला आला, आणि तिथपासून त्यात भोवतालही धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ सालच्या कार्यक्षमता-वर्गीकरणातही (माणसाला रोजच्या जगण्यात काय काय करता येतं, ते नोंदवायची पद्धत) पोषक आणि अडसर ठरणारे परिसरातले घटक नोंदवायची सोय आहे. घरापासून पाच मिनिटांवर बाग आहे, रोज येणारा एक मित्र आहे: याला कोणी ‘गुण’ म्हणेल का? पण ‘जमेची बाजू’ आपण सहज म्हणू. शब्द जमाखर्चाच्या चोपडीतला असल्यामुळे दुसरी बाजूही आपोआप शाबूत राहते. पडण्याचा धोका असेल तर तो लिहावाच लागतो. फक्त सगळी वही खर्चानेच भरत नाही.

एक कल्पित नोंद पाहा. ‘पक्षाघातानंतर उजव्या हातात जोर नाही. लक्ष टिकत नाही. गटात मिसळत नाही.’ आता त्याच माणसाची दुसरी नोंद: ‘डाव्या हाताने मोहरे हलवतो. बुद्धिबळाच्या पटासमोर चाळीस मिनिटं बसला. शेजारचा चुकला तेव्हा स्वतःहून घोड्याची चाल समजावली.’ पहिल्या नोंदीवरून व्यायाम ठरेल; दुसरीवरून त्याला नवख्यांना खेळ शिकवायला बसवता येईल आणि उजव्या हाताचा व्यायामही त्याच पटावर होईल.

म्हणून माझी पसंती ‘सेवार्थीच्या जमेच्या बाजूंचा आढावा’ याला. मथळ्यात आटोपशीर काही हवंच असेल तर ‘बालकेंद्री’च्या चालीवर ‘सामर्थ्यकेंद्री आढावा’ चालवून घ्या, पण बाहेरच्या गोष्टीही त्यात येतात हे पहिल्या परिच्छेदात सांगून टाका. ‘-आधारित’ मात्र शक्यतो टाळा. सरकारी परिपत्रकाचा वास येतो.

जाता जाता प्रश्नावलीविषयी. ‘आपले छंद कोणते?’ असं छापलं की निम्मे लोक ‘काही नाही’ लिहून मोकळे होतात. छंद म्हणजे काहीतरी मोठं, असं त्यांना वाटतं. ‘करमणूक’ हा शब्द ‘करमणे’वरून आला आहे, तेव्हा सरळ ‘तुम्हाला कशात करमतं?’ असं विचारा. ‘कशात करमत नाही?’ हेही विचारायला हरकत नाही. त्याचं उत्तर बहुधा लांबलचक येतं.